बाही थोपटणारा हात

शर्टाची बाही कुणी बसवली हे धाकटी डोळे मिटून सांगायची. बाही जिथे खांद्याला जोडतात त्या मुंढ्याच्या गोलाईवरून अंगठा फिरवायचा आणि सांगून मोकळं व्हायचं: ही खिडकीजवळच्या बोलघेवडीची, ही नव्या पोरीची, ही आमच्या ताईची. या विद्येच्या जोरावर पैजा लावून तिनं पुष्कळांकडून चहा उकळला होता. आता ताईला जाऊन वर्ष उलटलं होतं. तरी तिच्या हातच्या बाह्या रोज सकाळी धाकटीच्या टेबलावर येऊन पडत होत्या, आणि त्यांच्यावर पैज लावायची कुणालाच हिंमत होत नव्हती.

धाकटी वयानं काही धाकटी उरली नव्हती. केस पिकले होते, जिना चढताना गुडघे बोलत होते. पण दोघी बहिणी एकाच दिवशी या कारखान्यात लागल्या, मोठीला सगळे ताई म्हणू लागले, आणि हिच्या वाट्याला जे नाव आलं ते जन्माचं चिकटलं. मॅनेजरसुद्धा तिला 'धाकटीबाई' म्हणायचा. शिवायचं काम सुटल्यापासून ती तयार शर्ट तपासायच्या टेबलावर बसत होती, आणि तिच्या नजरेतून सुटलेला धागा अजून कुणी पकडला नव्हता.

शिवणाऱ्या बायांच्या जागी मशीन आणायचं कारखान्याच्या मनात फार दिवस होतं. घोडं अडत होतं ते कापडापाशी. पत्रा ठेवाल तिथे राहतो, काच ठेवाल तिथे राहते. कापड म्हणजे हट्टी पोर. थप्पीतून एक उचलायला जावं तर चार चिकटून येतात, सरळ ठेवावं तर कडेनं मुरडतं. त्यात बाही बसवणं म्हणजे सत्त्वपरीक्षा. बाहीचा घेर मुंढ्यापेक्षा थोडा मोठाच कापलेला असतो. ते जास्तीचं कापड बोटानं आत दाबत दाबत, एकही चुणी न पाडता गोल फिरवायचं. हे कुणाच्या सांगण्यानं येत नाही, शिवून शिवून बोटांत उतरतं. शेवटी कारखान्यानं ठरवलं की बोटांनाच विचारू. ताईच्या हातात तारांचे पातळ मोजे चढवले, आणि एक अख्खा हंगाम ती ते घालून शिवत राहिली. बोट जरा हललं की मोजा ते टिपून घ्यायचा. मग ताईच्याच जागेवर, काचेच्या पिंजऱ्यात, दोन रबरी हात आले, पाच-पाच बोटांचे, आणि ते ताईसारखे शिवू लागले.

सारखे म्हणजे किती सारखे, त्याची कल्पना बघितल्याशिवाय यायची नाही. थप्पीतून एक कापड सुटं करायला ताई कोपऱ्यावर फुंकर मारायची. मशीनला तोंड कुठलं, म्हणून त्याला हवेची नळी बसवली. ती फुंकर ताईच्याच मापाची होती. आधी एक छोटी, मग एक लांब. आणि बाही पुरी झाली की तो डावा रबरी हात तिला दोनदा थोपटायचा. अगदी हळू. थप, थप.

हे थोपटणं मुळात बाहीसाठी नव्हतंच. ताईची मुलगी तान्ही असताना घरी बघायला कुणी नव्हतं, म्हणून ताई तिला कारखान्यात आणायची आणि मशीनखाली कातरणांच्या टोपलीत निजवायची. एक बाही झाली की डावा हात खाली घालायचा, पोरीला दोनदा थोपटायचं, पुढची बाही घ्यायची. पोर इतकी गोल गरगरीत होती की सगळ्या हॉलनं मिळून तिचं नाव गुंडी ठेवलं. गुंडी टोपलीत मावेनाशी झाली, शाळेत गेली, मोठी होऊन आईच्याच हॉलमध्ये कामाला लागली. पण ताईचा हात काही थोपटायचा थांबला नाही. खाली पोर नव्हती, तर तो बाहीला थोपटू लागला. मोज्यांनी तेही टिपून घेतलं. त्यांना काय कळणार, काम कुठलं आणि माया कुठली.

मशीनं सांभाळायला एक इंजिनियर होता. काहीही विचारा, त्याचं उत्तर ठरलेलं, "नॉर्मल आहे." म्हणून बायांनी त्याचं नावच नॉर्मल पाडलं होतं. या थोपटण्यात वेळ वाया जातो म्हणून नॉर्मलनं एकदा ते काढून टाकलं होतं. त्या दिवशी मशीननं एक बाही सरळ शिवली नाही. थोपटणं परत घातलं, बाह्या सरळ. असं का व्हावं हे नॉर्मलला सांगता येईना, आणि खरं सांगायचं तर धाकटीलाही सांगता आलं नसतं. पण तिच्या अंगावर काटा आला तो बराच वेळ गेला नाही.

तिला त्या मशीनची भीती वाटायची. साधी, सरळ भीती. त्याच्याकडे पाठ करून बसलं तरी मागून ती फुंकर ऐकू यायची, आणि मानेवर वारा लागल्यासारखं व्हायचं. गुंडीचं नेमकं उलटं होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाया डबे घेऊन बाहेरच्या ओट्यावर जायच्या, आणि ही पोर काचेला कपाळ टेकून उभी राहायची. मशीनला जेवायची सुट्टी नव्हती. ते थोपटायचं आणि ही बघायची.

"डबा खाल्लास का?" धाकटी विचारायची.

"खाते गं, मावशी. एवढी बाही होऊ दे."

ताई गेली ती हातांपासून गेली. आधी कप पडू लागले, मग सुईत दोरा जाईना, मग जीभ जड झाली, आणि शेवटी घासही गिळता येईना. डॉक्टरांनी सांगितलं की हे दुखणं रक्तातून येतं. वेळेवर सापडलं असतं तर गोळ्यांवर बाई म्हातारी झाली असती. बहिणीला आणि मुलीला ताबडतोब तपासून घ्या, असंही सांगितलं. धाकटीनं लगेच तपासून घेतलं. तिच्यात काही निघालं नाही. गुंडी मात्र आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिली. धाकटीनं गोडीनं सांगून बघितलं, रागावून बघितलं, दोन दिवस अबोला धरून बघितला. पोरगी हसायची आणि विषय बदलायची. आईचं शेवटचं सगळं तिनं स्वतःच्या हातांनी केलं होतं. तेच सगळं आपल्याही नशिबात आहे का, हे कळूनच घ्यायचं नाही, असं तिनं ठरवलंय, अशी धाकटीची समजूत होती. या समजुतीनं तिच्या जिवाला घोर लागला होता.

अशातच एका सकाळी ताईच्या मशीनच्या बाह्या बिघडल्या. बिघडल्या म्हणजे दुसऱ्या कुणाला ते कळलंही नसतं. उजव्या बाह्या ठीक होत्या. डाव्या बाहीला, मुंढ्याच्या मागच्या बाजूला, नखाएवढी चुणी पडत होती. एका शर्टाला पडली तर समजू शकतो. धाकटीनं थप्पी उलथीपालथी केली, तर प्रत्येकीला, त्याच जागी. ती शर्ट घेऊन तडक नॉर्मलच्या टेबलाशी गेली.

"नॉर्मल आहे, धाकटीबाई," तो म्हणाला.

"साहेब, ही चुणी आहे. आमच्या ताईनं जन्मात चुणी पाडली नाही."

"पाडली नसेल. पण काल संध्याकाळी मी मशीनची नजर बारीक केली. आधी ते मोज्यांनी टिपलेलं ठळक तेवढंच घ्यायचं. आता बारीकसारीकही घेतं. हे बघा." त्यानं पडद्यावर पाच रेघा काढून दाखवल्या, डाव्या हाताच्या पाच बोटांच्या. चार रेघा एकदम वर जात होत्या. पाचवी मागून येत होती, एवढीशी मागून. "ही त्यांची करंगळी. तुमच्या बहिणीला ते हातानं सावरून घेता यायचं, म्हणून बाही साफ यायची. मशीनला सावरणं नीट जमत नाही, म्हणून दिसतंय."

"हे कधीचं?"

"मोजे घातले तेव्हाचं. पहिल्या दिवसापासूनच आहे."

धाकटी तिथल्या स्टुलावर बसली. मोजे घातले त्या हंगामात ताई धडधाकट होती. कापडाचे गठ्ठे एकटीनं उचलायची, हसताना पाठीत धपाटे घालायची. कप पडायला अजून दोन वर्षं होती. आणि तेव्हाच ते तिच्या करंगळीत येऊन बसलं होतं. ताईला नाही कळलं, शेजारी बसून शिवणाऱ्या बहिणीला नाही कळलं, मोज्यांना कळलं. आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, नुसतं जपून ठेवलं. बाई गेली, जाळून आलो, आणि तिचं दुखणं इथे काचेच्या पेटीत रोज शर्ट शिवतंय.

आणि मग तिला दुसरी गोष्ट आठवली. गेला हंगामभर मोजे गुंडीच्या हातात होते. नव्या मशीनला शिकवायचं काम तिनंच मागून घेतलं होतं, आणि ते मशीन परवा सुरू होणार होतं.

ते दोन दिवस धाकटीचं कशातच लक्ष लागलं नाही. गुंडीच्या हातांकडे बघायचं धाडस होईना आणि बघितल्याशिवाय राहवेना. पोरीचे हात चांगले चालत होते. बटणं लावत होते, वेणी घालत होते, मावशीच्या ताटातलं पळवत होते. आपण उगाच मनाचे खेळ करतोय, असं धाकटीनं स्वतःला सतरांदा बजावलं.

नवं मशीन सुरू झालं त्या सकाळी ताईच्या मशीनचा दोरा सारखा तुटत होता. आता इथे एक सांगायला हवं. काचेचं दार उघडलं की मशीन आपोआप थांबायचं, म्हणजे कुणाचा हात सुईखाली जाऊ नये. पण थांबलेलं मशीन पुन्हा चालू व्हायला इतका वेळ घ्यायचं की बायांचा जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. दाराच्या खटक्यात एक रिकामी बॉबिन बसवायची. मशीनला वाटायचं दार बंदच आहे, आणि चालत्या मशीनवर दोरा ओवून घेता यायचा. नॉर्मलला हे माहीत नव्हतं, किंवा माहीत असून त्यानं डोळ्यांवर कातडं ओढलं होतं. युक्ती मूळची धाकटीची. त्या सकाळीही बॉबिन तिनंच बसवली, दोरा ओवला, आणि तेवढ्यात नव्या मशीनची पहिली थप्पी टेबलावर आली म्हणून ती तशीच धावली.

तिनं डोळे मिटले. पहिला शर्ट घेतला. उजवी बाही, अंगठा गोल फिरला, साफ. गुंडीचाच हात, आईपेक्षा जरा दाबून शिवणारा. डाव्या बाहीवर अंगठा मागच्या बाजूला आला आणि अडला.

तिनं दुसरा शर्ट घेतला. मग तिसरा. मग डोळे उघडून पाहिलं, कारण अंगठ्यावर विश्वास ठेवायची इच्छा नव्हती. चुणी तिथेच होती.

एक आशा होती. ती घेऊन ती नॉर्मलकडे गेली. "साहेब, या नव्या मशीनमध्ये आमच्या ताईचं काही मिसळलंय का? जुनं शिकवलेलं थोडं इकडे घातलंत का? खरं सांगा. मी कुणाला बोलणार नाही."

नॉर्मलनं पडद्यावर बोट फिरवलं. पुष्कळ वेळ फिरवलं. पाच रेघा आल्या, चार एकदम आणि एक मागून. त्यानं चष्मा काढला आणि पुसत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "हे सगळं तिचंच आहे."

आज तो 'नॉर्मल आहे' म्हणाला नाही. धाकटीला ते जास्त लागलं.

जेवणाची सुट्टी झाली होती. हॉल रिकामा. दोन्ही मशीनं चालली होती, एक खिडकीशी आणि एक भिंतीशी. ओट्यावर गुंडी नव्हती. काचेला कपाळ टेकूनही नव्हती. ताईच्या मशीनचं दार अर्धवट उघडं होतं, खटक्यात बॉबिन तशीच होती, आणि गुंडी आत होती. बाही जिच्यावर ठेवून शिवतात त्या पट्टीशेजारी गुडघे टेकून बसली होती, लहानपणी टोपली असायची तिथेच.

"गुंडे, बाहेर ये." धाकटीनं आवाज चढू दिला नाही.

"थांब ना, मावशी. इथून किती जवळ दिसतं बघ."

"बाहेर ये आधी. आपल्याला दवाखान्यात जायचंय. तुझ्या मशीनच्या डाव्या बाह्या बघितल्या मी."

गुंडी हसली. "मला माहीत आहे गं," पोरगी म्हणाली. "मोजे घालायच्या आधीपासून माहीत आहे. कप धरताना करंगळी मागे राहते. आईची राहायची तशी."

"माहीत आहे? आणि गप्प बसलीस?"

"मग काय करायचं? गोळ्या घेऊन वाट बघत बसायचं? बोटं धड आहेत तोवर शिकवून ठेवू म्हटलं. म्हणून तर मोजे मागून घेतले. माझं मशीन आईच्या शेजारी आणणार आहेत, मी विचारून ठेवलंय. आम्ही दोघी इथेच असू. तुला रोज बाह्या येतील आमच्या."

"आग लागो त्या बाह्यांना!" धाकटी ओरडली. इतक्या वर्षांत हॉलमध्ये कुणी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. "मला बाह्या नकोत, मला तू पाहिजेस. माझ्याशी भांडणारी, माझ्या ताटातलं पळवणारी. म्हातारपणी मी काय दोन पेट्यांशी बोलत बसू? आईला गोळ्या मिळाल्या नाहीत, कारण कळलंच नाही. तुझं कळलंय, मूर्ख मुली! वेळेवर कळलंय!"

गुंडीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती उठली नाही. बाही पुरी होत आली होती. तिनं डावा हात पुढे केला आणि बाहीच्या जागी, पट्टीवर, पालथा ठेवला. "एकदाच," ती म्हणाली.

रबरी हात आला. थप, थप. अगदी हळू.

गुंडीनं डोळे मिटले. तिचा चेहरा इतका निवांत झाला की क्षणभर धाकटीसुद्धा हलली नाही. तिलाही तिथे ताई दिसली. बरी झालेली, खाली हात घालून पोरीला थोपटणारी ताई. तेवढ्यात नळीतून फुंकर आली. आधी छोटी, मग लांब. गुंडीच्या बोटांवर.

फुंकर कशासाठी असते हे धाकटीला आठवलं तेव्हा पाचही रबरी बोटं गुंडीच्या हाताभोवती मिटली होती. कापड सुटं झालं होतं. मशीननं ते हळुवार उचललं, कडा सरळ केली, जास्तीचं आत दाबलं आणि सुईकडे न्यायला सुरुवात केली.

"मावशी!"

मशीन बंद करायचं लाल बटण काचेच्या बाहेर होतं. धाकटीचे ते कुरकुरणारे गुडघे कसे पळाले कुणास ठाऊक. बटणावर तिनं तळहात नाही, अख्खं अंग टाकलं. मशीन जागच्या जागी गोठलं. सुई गुंडीच्या करंगळीच्या नखाला टेकली होती आणि नखाच्या कडेला रक्ताचा एक थेंब उभा राहत होता.

रबरी हात मिटलेलाच होता. बंद पडलेलं मशीन धरलेलं सोडत नाही. धाकटी आत शिरली आणि एकेक बोट उलगडू लागली. अंगठ्याला दोन्ही हात लावावे लागले. पुढची तीन बोटंही तशीच, लोखंडासारखी ताठ. ती उलगडताना ती बडबडत होती, रडत होती, गुंडीला आणि मेलेल्या बहिणीला एकदमच शिव्या देत होती.

"तुझी आई असती ना," धाकटी म्हणाली, "तर थोपटल्याबरोबर तिला कळलं असतं हात कुणाचा आहे. याला कळलं का? सांग मला. कळलं का याला?"

रबरी करंगळीची पाळी आली. धाकटीनं जोर लावायला हात नेला, आणि करंगळी आपोआप बाजूला पडली. तिच्यात धरच नव्हता. दोघी तिच्याकडे बघत राहिल्या. तिच्याखाली गुंडीची स्वतःची करंगळी होती, रक्ताचा थेंब घेऊन, तशीच बाजूला कललेली.

"उद्या जाऊ," गुंडी कुजबुजली.

"आत्ता."

धाकटीनं खटक्यातली बॉबिन काढून फेकून दिली, दार लावलं आणि पोरीचा डावा हात आपल्या हातात घेतला. भिंतीशी गुंडीचं मशीन वाटेतच लागलं. ते शिवतच होतं, करंगळी एवढीशी मागे ठेवून. गुंडीनं तिकडे बघितलं नाही. तिनं मावशीच्या हाताभोवती बोटं मिटली. चार बोटं लगेच मिटली, आणि धाकटी पाचव्याची वाट बघत चालत राहिली.